खरकटं तसंच लाव

आमच्याकडे डिशवॉशर आला तो आईच्या हातांसाठी. तिच्या बोटांची पेरं उलायची. साबणाच्या पाण्यात हात गेला की भेगा ओल्या व्हायच्या आणि रात्री मलम चोळून, सुती हातमोजे घालून ती झोपायची. पाणी आणि साबण जेवढा टाळता येईल तेवढा टाळा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. मशीन आलं, जोडलं गेलं, पहिल्या रात्री आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहून आतल्या पाण्याचा आवाज ऐकत होतो. त्यानंतर सहा महिने आईच्या भेगा होत्या तशाच राहिल्या.

कारण रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. आई प्रत्येक ताटली, प्रत्येक वाटी, प्रत्येक चमचा नळाखाली धरायची, बोटांनी चोळायची, ओशट असेल तर स्पंजावर थोडा साबण घ्यायची, विसळायची आणि मग माझ्या हातात द्यायची. मी ते भांडं मशीनमध्ये लावायचे. रोज रात्री वीस-पंचवीस मिनिटं हे चालायचं. पुढे मशीन अडीच-तीन तास चालायचं आणि सकाळी भांडी लखलखीत निघायची. घरात कुणी विचारलं, भांडी कोण घासतं, तर आम्ही सगळेच सांगायचो, मशीन घासतं. आईसुद्धा तेच सांगायची. ते वीस-पंचवीस मिनिटांचं काम कुणाच्याच हिशेबात नव्हतं, माझ्याही नाही. मी तर तिच्या शेजारी उभी राहून ते रोज पाहत होते.

एका रात्री तिच्या हातातून पेला घेताना त्यावर रक्ताचा पुसट ठिपका दिसला. त्या रात्री मी नळ बंद केला आणि म्हटलं, "आई, आजपासून खरकटं तसंच लाव."

"तसंच?" ती म्हणाली. "अगं, मग तेच घाण पाणी सगळ्या भांड्यांवर फिरणार ना?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. प्रश्न मात्र अगदी नेमका होता. मशीनमध्ये पाणी सतत नवं येत नाही. तळाशी काही लिटर पाणी घेतलं जातं आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारत राहतो. तिने मॅन्युअल कधी उघडलं नव्हतं, पण आवाज ऐकून एवढं ओळखलं होतं.

मी एक वही घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार भांडी मुद्दाम खरकटी केली. एका ताटलीवर अंड्याचा पिवळा बलक पसरला, दुसरीवर शिजलेला भात चोळला, तिसरी तेलाने माखली आणि एका कपाच्या तळाशी घोटभर दूध वाळू दिलं. रात्री रोजच्या भांड्यांबरोबर ती न विसळता लावली.

सकाळी तेलाची ताटली स्वच्छ होती. बाकीची तीन नव्हती. बलकाची पिवळी कड तशीच होती, भाताच्या ताटलीवर हात फिरवला की खरखर लागत होती आणि कपात दुधाच्या कड्याखेरीज कसलेसे बारीक कण येऊन बसले होते. आईने ती ताटली उचलली, अंगठ्याने कडेवरून घासून पाहिली आणि नळ सोडला. ती काही बोलली नाही. मीच वहीत लिहिलं : चारपैकी तीन नापास.

तिथेच सोडून दिलं असतं तर आजही ती नळाखालीच उभी असती. पण मला एक गोष्ट खटकत होती. विसळलेली भांडी जर इतकी चकचकीत निघत होती, तर त्यातलं किती श्रेय मशीनचं आणि किती आईचं? हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. मी मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि हातात टॉर्च घेऊन मशीनच्या आत डोकावले.

तळाचा फिल्टर आम्ही सहा महिन्यांत एकदाही काढला नव्हता. पेल्याच्या आकाराची ती जाळी फिरवून वर ओढली तर तिच्यावर करडा बुळबुळीत थर बसला होता, आत एक बी आणि बरणीच्या लेबलाचा कागद अडकला होता. कपातले कण कुठून आले ते कळलं. आईची शंका शंभर टक्के खरी होती, फक्त तिचं उत्तर नळात नव्हतं, या जाळीत होतं. पाणी प्रत्येक फेरीत या जाळीतून गाळून पुढे जायचं असतं. प्री-वॉश, मेन वॉश आणि रिन्स या टप्प्यांच्या मधे ते पाणी बाहेर टाकून नवं घेतलं जातं. जाळी तुंबली की ही सगळी व्यवस्था ढासळते.

मग पाणी उडवणारे हात. आम्ही त्यांना पंखे म्हणतो, कारण ते तसेच फिरतात. त्यांना फिरवायला मोटर नसते. छिद्रं तिरकी असतात, पाणी एका दिशेला जोरात सुटतं आणि त्याच्या धक्क्याने पंखा उलट दिशेला फिरतो. म्हणजे एखाद्या डावाचा दांडा भांडी ठेवायच्या जाळीतून खाली लोंबला आणि पंख्याला अडला, की त्या रात्री पाणी एकाच जागी उडत राहतं आणि बाकीच्या भांड्यांना नुसती वाफ मिळते. आमचा वरचा पंखा असाच अडलेला होता. किती दिवसांपासून, देव जाणे. दोन छिद्रंही बुजली होती, ती मी टूथपिकने मोकळी केली.

तिसरी गोष्ट, एक मोठी ताटली डिटर्जंटच्या कप्प्यासमोर अशी उभी होती की कप्प्याचं झाकण पुरतं उघडतच नव्हतं. टॅब्लेट आतच अर्धवट विरघळून चिकटली होती. आणि चौथी, जड पाणी मऊ करण्यासाठी मशीनमध्ये भरायचं सॉल्ट संपलं होतं. त्याचा दिवा बरेच दिवस लागलेला होता आणि भांडी तर स्वच्छ निघतायत, या भरवशावर आम्ही तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

मशीनमध्ये चार दोष होते आणि सहा महिने त्यांतला एकही आम्हाला दिसला नव्हता, कारण ते सगळे आई रोज रात्री आपल्या बोटांनी भरून काढत होती. भांडी विसळून लावण्यात मला सगळ्यात जास्त सलतं ते हे. पाणी वाया जातं, वेळ जातो, ते आहेच. पण त्यामुळे मशीन आजारी आहे हेच कळत नाही. त्याच्या वाटचं काम दुसरं कुणीतरी मुकाट्याने करत असतं आणि सगळं नीट चाललंय असं घराला वाटत राहतं.

फिल्टर धुतला, पंखे हाताने गरगर फिरतात हे पाहिलं, ताटली हलवली, सॉल्ट भरलं. पुन्हा तीच चार भांडी, तसेच डाग, तशीच दुपारभर वाळवलेली. या वेळी दूध, भात, तेल तिन्ही गेलं. बलकाची फक्त एक बारीक रेघ उरली.

त्या रेघेपाशी मी बरेच दिवस अडकले होते आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता भाग तोच आहे.

हर्बर्ट सिनर नावाचे जर्मन रसायनतज्ज्ञ होते, हेंकेल कंपनीत काम करायचे. कुठलीही धुलाई चार गोष्टींवर उभी असते, हे त्यांनी १९५९ मध्ये एका वर्तुळात मांडलं : रसायन, उष्णता, वेळ आणि घासण्याचा जोर. यातली एक कमी केली तर उरलेल्या तिघींनी ती भरून काढावी लागते. हाताने घासताना आपण जोरावर काम भागवतो. पाणी फार गरम घेता येत नाही, कारण हात भाजतो. साबण फार तिखट चालत नाही, कारण कातडी जाते. वेळ तर कुणाकडेच नसतो. मशीनचं नेमकं उलटं. त्याच्याकडे स्पंज नाही, नुसते पाण्याचे फवारे आहेत. मात्र ते पाणी ६०-६५ अंशांपर्यंत तापवू शकतं, हाताला सोसणार नाही इतकं अल्कधर्मी डिटर्जंट वापरू शकतं आणि तीन तास न कंटाळता फवारत राहू शकतं. इको प्रोग्रॅम इतका लांबलचक का असतो, हेही मला या वर्तुळाने समजावलं. तो पाणी कमी तापवतो, म्हणून कमतरता वेळेने भरतो. वेळ जास्त म्हणजे वीज जास्त, असं आम्ही समजत होतो. विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो, पंपाला त्या मानाने फार थोडी लागते.

आणि रसायनात खरी मौज आहे. डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात. त्यांतलं एक अमायलेज, ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. भाताचा किंवा पावाचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोडसर लागायला लागतो, ती आपल्या लाळेतल्या अमायलेजचीच करामत. दुसरं प्रोटिएज, ते अंडं, दूध, मांस यांतली प्रथिनं तोडतं. हे दोघं कामाच्या भरात स्वतः खर्च होत नाहीत, एक धागा तोडला की पुढच्याकडे वळतात. पण त्यांना ऊब लागते आणि वेळ लागतो. साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान त्यांचं उत्तम चालतं. चहा-कॉफीच्या डागांसाठी ऑक्सिजन सोडणारं परकार्बोनेट असतं, ओशटपणासाठी अल्कली आणि फेस न करणारे सरफॅक्टंट, म्हणजे तेल सुटं करून पाण्यात मिसळू देणारी द्रव्यं. फेस नको, कारण फेसाने फवाऱ्याचा जोर मरतो. म्हणूनच हाताने घासायचा साबण या मशीनमध्ये चुकूनही घालू नये, आणि भांड्याला तो लागलेला असेल तर तोही आत जाऊ देऊ नये. आई स्पंजाने साबण लावून भांडी द्यायची तेव्हा मधूनच मशीनमधून फेसाळ आवाज यायचा, त्याचा उलगडा मला इथे झाला.

आता ती बलकाची रेघ. अंड्यातली प्रथिनं कढत पाण्याने आवळतात, तव्यावर अंडं जमतं तसंच. आमच्या घरी अंड्याची ताटली 'आधी जरा गरम पाण्यातून काढून घेऊ' म्हणून मीच कढत पाण्याखाली धरत असे. रेघ पक्की करण्याचं काम मीच करत होते, आणि त्या दुसऱ्या चाचणीतही सवयीने ती ताटली एकदा धरली होती, हे वही वाचताना ध्यानात आलं. मशीन पाणी हळूहळू तापवत नेतं. आधी कोमट पाण्यात डाग भिजतो, फुगतो, मग एन्झाइमना त्यात शिरकाव मिळतो, आणि खरी उष्णता नंतर येते. तिसऱ्या चाचणीत ताटलीला पाणी लावलंच नाही. रेघ राहिली नाही.

डिटर्जंटच्या बाबतीत मी टॅब्लेटवरून पावडरवर आले. टॅब्लेट वाईट असते असं मी म्हणणार नाही, बऱ्याच घरांत ती उत्तम काम करते. पण ती कप्प्यात बंद असते आणि मेन वॉशलाच बाहेर पडते. त्याआधीचा प्री-वॉशचा टप्पा साध्या पाण्यावर जातो. पावडर असली की चमचाभर प्री-वॉशसाठीही घालता येते. काही मशीनमध्ये त्यासाठी छोटा वेगळा कप्पा असतो. नसेल तर दाराच्या आतल्या बाजूला चिमूटभर टाकली तरी चालते. जे काम आई नळाखाली करत होती ते या चमचाभर पावडरीने कोमट पाण्यात आपोआप होतं. ज्यांच्या मशीनला गरम पाण्याची जोडणी आहे त्यांनी सुरू करण्याआधी नळ थोडा वाहू देऊन पाणी गरम येतंय ना, हे बघावं. आमचं मशीन थंड पाणी घेऊन स्वतः तापवतं, त्याला हा प्रश्न नाही.

मग सेन्सरची गोष्ट. अनेक नव्या मशीनमध्ये ऑटो प्रोग्रॅम असतो. त्यात पाण्यातून प्रकाशाचा किरण सोडतात आणि पलीकडे तो किती पोहोचतो ते मोजतात. पाणी गढूळ असेल तर मशीन जास्त वेळ, जास्त ऊब, आणखी एखादी फेरी असं ठरवतं. पाणी नितळ दिसलं तर ते समजतं, भांडी फारशी खराब नाहीत, आणि आटोपतं घेतं. आता समजा सगळी भांडी विसळलेली आहेत, फक्त एका पातेल्याच्या कडेला काहीतरी घट्ट वाळलेलं राहिलंय. पाणी नितळच दिसणार. मशीन हलका प्रोग्रॅम चालवणार आणि ते पातेलं तसंच बाहेर येणार. एरवी भांडी लखलखीत असायची, पण क्वचित एखादं असं राहिलं की आम्ही निष्कर्ष काढायचो, बघा, विसळूनही नीट निघत नाही, अजून नीट विसळायला हवं. या फेऱ्यात आम्ही सहा महिने होतो.

विसळलेली भांडी मशीनमध्ये घाण राहतात, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. स्वच्छ भांडं स्वच्छच निघतं. प्रश्न एवढाच आहे की ते दोनदा स्वच्छ करायला पाणी कुणाचं आणि हात कुणाचे लागले.

मशीन तपासणारे लोक स्वतः काय करतात, ते वाचल्यावर माझी उरलीसुरली शंका गेली. युरोपात डिशवॉशरची धुण्याची कुवत ठरवायची जी प्रमाणित चाचणी आहे, तिच्यात भांडी नळाखाली धरत नाहीत. उलट त्यांना दूध, चहा, खिमा, अंडं, ओट्स, पालक, मार्गारिन असं ठरवून फासतात, ते वाळू देतात आणि मगच मशीनला लावतात. मशीन बनवणारा त्याच वाळलेल्या डागांसाठी मशीन बनवतो. हे मी आईला वाचून दाखवलं. ओट्सचं नाव ऐकून तिने मान डोलावली. ओट्स वाळले की काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाण्याचा हिशेबही मी केला. एका रात्री सिंकमध्ये मोठं पातेलं ठेवून आईला रोजच्यासारखं विसळू दिलं आणि पातेलं भरलं की बादलीत ओतत गेले. तीसएक लिटर पाणी जमलं. तेवढीच भांडी धुवायला मशीनने घेतलेलं पाणी दहा-बारा लिटर. मशीन जेवढं पाणी वापरतं त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आम्ही मशीनच्या तयारीत घालवत होतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात राइनर श्टामिंगर यांच्या गटाने शंभराहून अधिक लोकांना प्रत्येकी बारा जणांच्या जेवणाची भांडी हाताने घासायला दिली होती. त्यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सरासरी शंभरेक लिटर पाणी लागलं, आणि माणसामाणसांतला फरक प्रचंड होता. तरी हाताने घासणं मुळात वाईट, असं मी मानत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की एका टबात गरम पाण्यात भिजवून घासणं आणि दुसऱ्या टबात गार पाण्यात विसळणं, असं शिस्तीने केलं तर हरितगृह वायूंच्या हिशेबात ते मशीनलाही मागे टाकतं. वाहत्या नळाखाली घासणं सगळ्यात महाग पडतं, आणि वाहत्या नळाखाली विसळून वर मशीन चालवणं म्हणजे दोन्हीकडचा खर्च.

या मशीनची जन्मकथा वाचताना मी बराच वेळ थबकले होते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांच्या चिनी मातीच्या किमती ताटल्यांचे टवके उडायचे, नोकरांच्या हातून घासताना. त्याला वैतागून त्यांनी मशीन करायचं ठरवलं. १८८३ मध्ये नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि हौसेचं काम पोटाचं झालं. घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी ते उभं केलं आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं. त्यांच्याआधीही लोकांनी प्रयत्न केले होते. जोएल हाउटन यांच्या नावावर १८५० चं पेटंट आहे, लाकडी आणि हाताने फिरवायचं. कॉक्रन यांनी वेगळं काय केलं, तर आधी ताटल्या, कप, बशा मोजल्या, त्यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले, भांडी त्यांत जागच्या जागी बसवली आणि घासायचं काम पाण्याच्या जोरावर सोपवलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे मशीन दाखवलं गेलं. गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः हॉटेलं आणि उपाहारगृहांतून. घरांमध्ये एवढं गरम पाणीच नसे.

मला यातले तारेचे कप्पे फार महत्त्वाचे वाटतात. मशीनमध्ये भांडी लावणं ही निम्मी धुलाई आहे, आणि आम्ही ती कोंबत होतो. ताटलीचं खरकटं तोंड पाणी येतं तिकडे, म्हणजे मध्याकडे वळलेलं हवं. दोन ताटल्यांमध्ये पाण्याला वाट हवी. वाट्या एकमेकींच्या कुशीत बसल्या की आतलीला पाणी शिवतच नाही. कप पालथे आणि किंचित कललेले, म्हणजे तळाच्या खोबणीत पाणी साचत नाही. चमच्यांच्या बाबतीत तर सगळे एका दिशेने ठेवले की एकमेकांना चिकटून झोपतात, म्हणून काही वर काही खाली. खरकटी पातेली खालच्या जाळीत, कारण जोर तिथे जास्त. आणि दार लावण्याआधी दोन्ही पंखे बोटाने एकदा फिरवायचे. याला दोन सेकंद लागतात, आणि माझ्या मते ही सगळ्या विसळण्यापेक्षा मोलाची सवय आहे.

तसंच लाव म्हणजे सगळंच लाव असं नाही. उरलेलं अन्न, हाडं, बिया, साली हे सगळं आधी कचऱ्यात जायला हवं. खरवडायचं, पण कोरडं. करपून कोळसा झालेलं पातेलं मशीनच्या ताकदीबाहेरचं आहे. कोळशाला एन्झाइम काहीच करू शकत नाहीत, ते पातेलं रात्रभर भिजत पडू द्यावं. पालेभाजीचे बारीक तुकडेही विरघळत नाहीत आणि कपात जाऊन बसतात, म्हणून तेवढे पुसून काढते. लाकडी चमचे, धारदार सुऱ्या, बिडाची भांडी आणि लेप नसलेलं ॲल्युमिनियम मी आत घालत नाही. ॲल्युमिनियम तर अल्कलीने काळं पडतं. आणि मशीन भरायला दोन दिवस लागणार असतील तर त्यातच 'रिन्स' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो थोड्या पाण्यात भांडी ओली करून ठेवतो. नळाची गरज तिथेही नाही.

काचेवरच्या पांढुरक्या झाकोळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती दिसली की लोक पुन्हा विसळायला लागतात. व्हिनेगर लावून पाहा. झाकोळ गेली तर तो जड पाण्यातला क्षार आहे, सॉल्ट आणि रिन्स एड (भांड्यांवरचं पाणी निथळून जावं म्हणून घालायचं द्रव) भरा. नाही गेली तर काचच झिजली आहे, आणि त्याला कारण बहुधा फार मऊ पाणी, फार उष्णता किंवा गरजेपेक्षा जास्त डिटर्जंट. आधी विसळणं हा दोन्हीतही उपाय नाही.

हे सगळं आईला पटलं. चाचण्या तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी हात नळाकडे जायचाच. मी एकदा जरा चिडूनच विचारलं, "आता काय राहिलंय?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खरकटं भांडं दुसऱ्याच्या पुढ्यात ढकलायचं नाही, एवढंच मला येतं."

माझा राग तिथेच गळून पडला. मी इतके दिवस याला सवय समजत होते, हाताला लागलेलं वळण. तिच्या लेखी तो माणुसकीचा भाग होता. पुढे जो कोणी हे भांडं हातात घेईल त्याला किळस येऊ नये, त्याचं काम हलकं व्हावं, म्हणून ती आयुष्यभर स्वतःचं ताट आधी स्वच्छ करत आली होती. त्या जागी आता मशीन आहे, त्याला किळस नाही आणि ओझंही नाही, हे बुद्धीला कळतं. पण साठ वर्षं जपलेला भाव आकड्यांनी हटत नाही आणि हटावा असं मलाही वाटलं नाही.

मी तिला एक रबरी खरवडणी आणून दिली. मऊ, हाताच्या मापाची. आईने पहिली ताटली त्या खरवडणीने खरवडली, सगळं एका फटक्यात डब्यात पडलं, ताटली कोरडीच राहिली. तिने ती उजेडात धरून पाहिली. मग दुसरी घेतली. तिला हवं होतं ते यात होतं, ताट पुढे देण्याआधी आपल्या हाताने नीट केल्याचं समाधान, आणि पाणी कुठेच नव्हतं. आता ती सिंकपाशी उभी न राहता ओट्याशी खुर्चीवर बसून खरवडते. पाच-सात मिनिटांचं काम. आणि ती पाच-सात मिनिटंसुद्धा घरात आता मोजली जातात, आळीपाळीने वाटलेली आहेत. माझा भाऊ मंगळवारी आणि शुक्रवारी करतो.

भेगा पूर्ण गेलेल्या नाहीत. पण मागच्या दोन महिन्यांत तिने रात्रीचे हातमोजे घातलेले मला दिसले नाहीत.

वही अजून मशीनच्या वरच्या फळीवर असते. मी हल्ली ती फारशी उघडत नाही. परवा सॉल्ट कधी भरलं ते पाहायला उघडली, तर शेवटची तीन पानं आईच्या अक्षरात होती. तारीख, प्रोग्रॅम, काय निघालं, काय राहिलं. सगळ्यात खालची नोंद अशी : 'फिल्टर धुतला. वरचा पंखा अडत होता, डाव आडवा ठेवला. दुधाचं पातेलं न भिजवता लावलं आहे. सकाळी बघणे.'